सोसायटी ग्रुप : बी विंगमधली गळवं

बी-204 वहिनी : आमच्या विंगमध्ये तीन पोरांना मानेवर गळवं आलीत. आंबे बाधले का? दाबून पू काढू का?

डॉक्टर ताई : दाबू नका वहिनी! गळवाभोवती शरीरानं भिंत घातलेली असते. दाबलं की ती फुटते न पू आत सरकतो. नाक आणि वरच्या ओठाजवळचं तर मुळीच नाही, तिथल्या शिरांचा संबंध मेंदूकडच्या शिरांशी आहे. आंब्याचा दोष नाही, हा स्टॅफ जिवाणू. 100 पैकी साधारण 30 जणांच्या नाकात तो गुपचूप असतो. घामोळं खाजवलं, ब्लेड लागलं, की आत शिरतो. आपल्या जळगावच्या मे महिन्यात घामोळं कुणाला चुकलंय!

लॅबवाले नाना : स्लाइडवर जांभळे गोल दाणे दिसतात, घडासारखे. ग्रीकमध्ये स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड (आपल्याला आधी केळीचाच आठवतो 😄). लॅबच्या प्लेटवर सोनेरी वाढतो तो स्टॅफ ऑरियस, गळवं करणारा. त्याचा भाऊ एपिडर्मिडिस कातडीवर निवांत असतो, पण कॅथेटर (शरीरात घातलेली नळी) किंवा बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर चिकटला की हटत नाही.

वहिनी : मग करू काय?

डॉक्टर ताई : सुती फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून 10-15 मिनिटं शेका, दिवसातून 3-4 वेळा. दर वेळी फडकं वेगळं, नंतर साबणानं हात. फुटलं तर गॉजनं झाका. लाली पसरतेय का कळायला पेनानं कड आखून ठेवा. कडेबाहेर गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. शुगरवाल्यांनी वाटच बघू नये, त्यांना अनेक तोंडांची काळपुळी होते.

मेडिकलवाले आप्पा : आणि घरात उरलेली अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक गोळी) देऊ नका भो. बहुतेक स्टॅफ ती फोडून टाकतो. मग मेथिसिलिन हे अँटिबायोटिक 1959 साली निघालं, 1961 पर्यंत त्यालाही न जुमानणारा सापडला, तोच एमआरएसए. पिकलेल्या गळवाला गोळी पोचत नाही, डॉक्टरनं चीर द्यावी लागते. खाजेचं स्टिरॉइडवालं मलम तर नकोच.

सी-102 बापू : रविवारच्या भंडाऱ्याला एका आचाऱ्याच्या बोटाला फोड आहे. बासुंदी परत उकळली तर चालेल ना?

लॅबवाले नाना : नाही बापू. उकळून जंतू मरतो, त्यानं सोडलेलं विष तसंच राहतं. खाल्ल्यावर 1 ते 6 तासांत उलट्या. फोडवाल्याला भांडी आणि शिजवून थंड झालेलं काही हाताळू देऊ नका, मंडप बांधू दे. वरण-बट्टी गरम वाढा, बासुंदी या उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको.

डॉक्टर ताई : वहिनी, तिघं टॉवेल एकच वापरतात का?

वहिनी : टॉवेल नाही ताई. क्रिकेटचं हेल्मेट एकच आहे, पट्टा मानेवर येतो.

डॉक्टर ताई : मग तेच. पट्टा काढून साबणानं धुवा, उन्हात वाळवा. गळवं सुकेपर्यंत खेळ बंद.