काचा थरथरल्या म्हणजे साउंड भारी?

मंद्रसप्तक: 'नवा साउंडबार, एकदम थिएटर फील' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. परीक्षण काय, तर ६०० वॅट आहे आणि खिडकीच्या काचा थरथरतात. अहो पण ते वॅट आरएमएस (सलग मिळणारी खरी ताकद) की पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा)? आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. पारखायचंच तर बातम्या लावून बघा. बारमधले स्पीकर बऱ्याचदा दोन-अडीच इंची, त्यांना खर्ज झेपत नाही, म्हणून पुरुषी आवाजाचा खालचा भागसुद्धा कित्येक मॉडेलांत सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या डब्याकडे, ढकललेला असतो, मग निवेदक टीव्हीत आणि त्याची छाती सोफ्यामागच्या कोपऱ्यात.

दणकेबाज: पोस्ट माझीच होती, नाव घ्यायची लाज वाटली का? बातम्याच ऐकायच्या तर टीव्हीचे स्पीकर काय वाईट आहेत. आमच्याकडे फायटिंगला पोरं सोफ्यावर उड्या मारतात, आम्हाला तेवढं पुरे, तुम्ही बसा डेसिबल मोजत.

खालचा_मजला: तो सोफा कुणाच्या डोक्यावर आहे ते पण लिहा ना. आमच्या वरचे असेच हौशी. रात्री साडेअकराला आम्हाला ना हिरो दिसतो ना डायलॉग कळतो, नुसतं धुम्म... धुम्म, आणि फडताळातले स्टीलचे पेले किणकिणतात. सांगायला गेलो तर म्हणे व्हॉल्यूम तर १२ वरच आहे!

दणकेबाज: मी राहतो का तुमच्या वर?? त्यांचा राग माझ्यावर कशाला.

वायरगुंता: वूफर कोपऱ्यातून काढा, दोन भिंतींमुळे बास फुगतो. नाइट मोड लावा, स्फोट दबतात, कुजबुज वर येते. बाकी खरा मुद्दा २.१ (डावा, उजवा आणि वूफर) की ३.१ (शिवाय मधला) हा आहे, मधला चॅनलच नसेल तर डायलॉगला हक्काची जागा कुठली?

खालचा_मजला: नाइट मोड? वरच्यांना रिमोटवर ते बटण आहे हेच माहीत नसेल. वूफरखाली फोम घातलाय म्हणतात, फोमने फरशीतून उतरणारं कंपन कमी होत असेल, हवेतून येणारं कोण अडवणार?

मंद्रसप्तक: अहो, धागा आवाजाच्या दर्जाचा आहे, शेजाऱ्यांच्या तक्रारींचा नाही.

खालचा_मजला: मग दर्जा खालून पण मोजा की!

दणकेबाज: बरं गुरुजी, लावल्या बातम्या. वूफर टीव्हीशेजारी आणून कमी केला, बोलणं स्वच्छ ऐकू येतंय, झालं समाधान? फायटिंग मात्र पार बेचव. रविवारी पाहुणे आहेत, तेव्हा परत फुल करणार.

खालचा_मजला: तुमच्या खालच्यांना आधी कळवून ठेवा म्हणजे झालं.