शब्दचर्चा : इंधनाची ‘नळी’ की ‘पाईप’?

प्रश्न : टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या धातूच्या वाहिनीला गॅरेजात सर्रास ‘पाईप’ म्हणतात. खरे तर ती ट्यूब; तिच्यासाठी ‘नळी’ वापरावे का? की फरक नुसता बोलीचा?

– फरक मापाचा आहे, म्हणून शब्द वेगळे हवेत. पाईपचे माप नाममात्र असते, ट्यूबचे माप म्हणजे प्रत्यक्ष बाहेरचा व्यास. तीन सूत पाईप (3/8 इंच) बाहेरून 17.1 मिमी भरतो, तीन सूत ट्यूब 9.5 मिमी. ट्यूबला ‘नळी’ म्हणा, पाईपला पाईपच राहू द्या. दुकानात मागताना ‘अडीच सूत ओडी, 20 गेज’ असे पूर्ण बोला : ओडी म्हणजे बाहेरचा व्यास, गेज म्हणजे पत्र्याची जाडी. अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, 7.94 मिमी. 8 मिमी नळी तिच्यासारखीच दिसते, पण इंची आणि मेट्रिक नटांचे आटे वेगळे. बळेच आवळलात तर आटे मरतात.

– ‘तांब्याची नळी’ हा शब्द मात्र टाळाच. तो ऐकून दुकानदार फ्रिज-एसीची मऊ कॉइल काढून देतो. शुद्ध तांबे गाडीच्या थरथरीने कडक होत जाते आणि नेमके फ्लेअरच्या (नळीच्या फुलवलेल्या तोंडाच्या) गळ्याशी चिरते. हवी असते ‘तांबे-निकेल’, 90/10 ची : सुमारे 10 टक्के निकेल, थोडे लोखंड, बाकी तांबे. ती हाताने वळते आणि गंजत नाही. जस्त चढवलेली पोलादी नळी स्वस्त आणि मजबूत, पण मुलामा खरवडला की तिथून गंज धरते. स्टेनलेस सर्वांत टिकाऊ, मात्र वळवायला बेंडर लागतोच.

– ‘फ्लेअर मारणे’ याला ‘तोंड फुलवणे’ चांगला शब्द आहे. ‘दुहेरी फुलवण’ म्हणजे कड आत दुमडून 45 अंशांत बसवलेली. पोलादी आणि तांबे-निकेल नळीला ती चालते. स्टेनलेसला 37 अंशांची एकेरीच करा, दुहेरीत तिची कड फाटते. नळी हॅकसॉने नव्हे, चाकाच्या कटरने कापा, आतली बर (कापताना उरलेली खरखरीत कड) काढा आणि नट आधी ओवून घ्या. तोंड फुलवल्यावर नट खाली बाकावरच राहिलेला दिसतो, ही चूक फार होते. मग फुलवलेले तोंड भिंगाखाली धरा. कडेला केसाएवढी रेघ दिसली तरी तेवढा तुकडा कापून पुन्हा करा. ती रेघ पुढे गळतेच.

– ‘नळी’ला एक हरकत : होजलाही (लवचीक रबरी वाहिनीला) लोक नळीच म्हणतात. तेव्हा ‘रबरी’ की ‘धातूची’ हे सांगावेच लागेल. दोन्ही जिथे जुळतात तिथे धातूच्या टोकाला उठावदार वळे काढतात, त्याला ‘मणी’ म्हणता येईल. इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण 3 ते 4 बार असतो. मणी नसला तर क्लिप कितीही आवळा, होज सरकत सरकत निसटते.