कोरियातला पत्ता: डोंग, हो, दानजी... तुमचे अनुभव सांगा

योंगथोंगकर:
मंडळी, आमच्या सुवोनच्या मराठी ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन येतं, कंपनीने पाठवलेल्या पत्त्याचा फोटो टाकतं आणि विचारतं की यात घर नंबर नेमका कुठला. प्रत्येक वेळी तेच सगळं पुन्हा टाइप होतं आणि खाली वाहून जातं, म्हणून म्हटलं एकदाच सगळ्यांचे अनुभव एका जागी जमवू. नुकते आलेले, जुने, परत गेलेले, मुलांकडे राहून गेलेले आईबाबा, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मी करते. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे वाचायचा. ग्योंग्गी-दो हा प्रांत, सुवोन-सी शहर, योंगथोंग-गु शहरातला भाग, मग रस्त्याचं नाव आणि त्यावरचा नंबर, मग डोंग म्हणजे बिल्डिंग आणि सगळ्यात शेवटी हो म्हणजे फ्लॅट. १०३ डोंग १२०४ हो असेल तर १०३ नंबरची बिल्डिंग, बारावा मजला, चौथं घर. इथे ग्राउंड फ्लोअरलाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे आपल्या हिशोबाने अकरावा. १०३ बघून घाबरू नका, तिथे शंभर बिल्डिंगा नसतात, मोजणीच १०१ पासून सुरू होते. शेजारी त्याच नावाची दुसरी दानजी म्हणजे दुसरा कॉम्प्लेक्स असला तर तिथे बहुतेक वेळा २०१ पासून. हा आकडा बिल्डिंगच्या बाजूच्या भिंतीवर वरती एवढा मोठा रंगवलेला असतो की रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

आता ज्याच्यामुळे सगळ्यांचा गोंधळ होतो ते. पत्त्याच्या शेवटी कंसात अजून एक डोंग येतं, मेथान-डोंग वगैरे, ते वस्तीचं नाव, बिल्डिंगशी त्याचा संबंध नाही. आकडा असेल तर बिल्डिंग, नाव असेल तर वस्ती, एवढं लक्षात ठेवलंत की निम्मं काम झालं.

सोंगपावासी:
छान धागा ताई. मी सोलमध्ये सोंगपा-गुमध्ये राहतो, इथे हेलिओ सिटी म्हणून कॉम्प्लेक्स आहे, ८४ बिल्डिंगा आणि ९५१० घरं. आणि या सगळ्यांचा रस्त्याचा पत्ता एकच, सोंगपा-देरो ३४५! म्हणजे पत्त्याची ती ओळ नॅव्हिगेशनमध्ये टाकली की गाडी तुम्हाला दानजीपर्यंत आणते आणि तिथून पुढे खरा प्रवास सुरू होतो, मेन गेटपासून मित्राच्या बिल्डिंगपर्यंत चांगलं दहा-पंधरा मिनिटं चालणं होऊ शकतं, थंडीत डबे घेऊन निघालात तर ते फार होतं.

त्यावर माझा उपाय, नेव्हर (Naver) मॅप किंवा काकाओ मॅप या कोरियन नकाशा अॅपमध्ये दानजीचं नाव आणि पुढे डोंगचा आकडा असं मिळून टाइप करायचं, मग पिन थेट त्या बिल्डिंगवर पडते. गूगल मॅप्सवर इथे विसंबू नका, तपशीलवार नकाशाचा डेटा देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते त्यामुळे मी आलो तेव्हापासून त्यावर गाडीचा किंवा चालायचा रस्ता नीट मिळालेला नाही. आणि कार असेल तर वरून शोधूच नका, सरळ खालच्या पार्किंगमध्ये शिरा. नव्या दानज्यांमध्ये खांबांवर आणि लिफ्टच्या दारांवर डोंगचे आकडे असतात, तिथूनच लिफ्टने वर जाता येतं.

नातीची आजी:
मी साताऱ्याची, लेकीच्या बाळंतपणासाठी दोंगथानला जाऊन राहिले होते. मला कोरियन येत नाही, इंग्रजीही बेताचंच, तरी रोज संध्याकाळी फिरायला एकटी जायचे. सगळ्या बिल्डिंगा एका साच्यातल्या, तोच रंग, तीच झाडं, तीच घसरगुंडी. पण आकडे वाचता येतात ना, मग कशाला भ्यायचं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही ती मी सांगते. एकाच बिल्डिंगला दोन किंवा तीन दारं असतात आणि प्रत्येक दाराची लिफ्ट वेगळी. एका दाराने गेलं की प्रत्येक मजल्यावर फक्त १ आणि २ नंबरची घरं, दुसऱ्या दाराने गेलं की ३ आणि ४. आतून एकीकडून दुसरीकडे जायला वाट नाही. आमचे हे एकदा भाजी घेऊन आले, बिल्डिंग बरोबर, मजला बरोबर, आणि वर जाऊन बघतात तर १२०१ आणि १२०२, आपलं १२०३ कुठेच नाही! बिचारे जिना चढून उतरून बघत होते. मग एक कोरियन आजोबा लिफ्टमधून आले, त्यांनी ह्यांच्या हातातला कागद वाचला, हाताला धरून खाली नेलं आणि पलीकडच्या दारापर्यंत पोचवून दिलं. तो कागद लेकीने कोरियनमध्ये लिहून दिला होता, दानजीचं नाव, डोंग, हो आणि तिचा फोन नंबर. प्रत्येक लेकीने आणि सुनेने आईवडिलांच्या खिशात असा कागद ठेवावा हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

खालच्या काचेच्या दाराला आकड्यांची पाटी असते, तिथे घराचा नंबर दाबून बेलचं बटण दाबलं की घरात वाजतं आणि आपण टीव्हीवर दिसतो. नात त्या बेलला हसायची.

योंगथोंगकर:
काकू, किती छान सांगितलंत. या दारांना इथे लाइन म्हणतात, म्हणजे ३-४ हो लाइन. कोणाला घरी बोलवताना डोंग आणि हो बरोबर लाइनही सांगा. सगळीकडे मात्र असं नसतं हां, जुन्या काही बिल्डिंगांमध्ये लांब गॅलरी असते आणि एका मजल्यावर आठ-दहा घरं ओळीने, तिथे ही भानगड नाही.

डेजॉनचा विद्यार्थी:
दानजीत राहणाऱ्यांचं बरं आहे हो, आमच्यासारख्या वनरूमवाल्यांचं पण ऐका. युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूला तीन-चार मजली घरं असतात, मालक एकच आणि आत पंधरा-वीस खोल्या भाड्याने. दारावर ३०५ लिहिलेलं असतं पण सरकारी पत्त्यात ते ३०५ नसतंच, कारण कागदोपत्री ते सगळं मिळून एकच घर. त्यामुळे बँकेचं पत्र, कार्ड, नोटीस सगळं खाली एका ढिगात पडतं आणि ज्याला सापडेल त्याचं. याच्यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच मुलांना माहीत नसतो, तपशीलवार पत्ता म्हणून वेगळी नोंद करून घेता येते, गु-ऑफिसला अर्ज करायचा, भाडेकरूही करू शकतो, मग तुमचा खोली नंबर अधिकृत पत्त्यात येतो. माझा मुद्दा पत्रांपुरता नाहीये, रात्री कोणी आजारी पडलं आणि ११९ ला फोन केला तर अॅम्ब्युलन्सने वीस दारं वाजवायची का? मी माझ्या मजल्यावरच्या सगळ्यांना हे करायला लावलं.

जॉन्सेवाली:
वरच्या प्रतिसादाला जोडून अत्यंत महत्त्वाचं लिहितेय, कृपया सगळ्यांनी वाचा कारण यात पैसे अडकलेले असतात. जॉन्से म्हणजे मोठी रक्कम डिपॉझिट द्यायची आणि महिन्याचं भाडं द्यायचं नाही. घरमालक बुडाला आणि घर लिलावात गेलं तर आपलं डिपॉझिट वाचतं ते आपण तिथे खरंच राहतो आणि आपली पत्त्याची नोंद तिथे आहे म्हणून, शिवाय करारावर तारखेचा शिक्का असेल तर लिलावाच्या पैशात आपला नंबर लागतो. आपण परदेशी आहोत त्यामुळे आपली नोंद म्हणजे इमिग्रेशनला दिलेला बदललेला पत्ता, तो रेसिडेन्स कार्डाच्या मागे लिहिला जातो.

आता प्रॉब्लेम बघा. आम्ही एका चार मजली बिल्डिंगमधला फ्लॅट बघितला, अशा बिल्डिंगांना इथे व्हिला म्हणतात पण बंगला वगैरे काही नसतो. दारावर ४०२. बुदोंगसान म्हणजे एजंटकडून मालमत्तेचा उतारा काढून घेतला, आपला सातबारा असतो तसा, त्यात तोच फ्लॅट ३०२. का तर खाली अर्धा जमिनीत गेलेला मजला आहे, दारांवर नंबर लावताना तोच पहिला मजला धरला आणि सरकारी कागदात तो तळघर म्हणून गेला, मग वरचे सगळे आकडे एकाने सरकले. अशा बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळी असते, त्यामुळे दारावरचा ४०२ बघून नोंद केली तर ती कायद्याने तुमच्या घराची नोंदच नाही, आणि संरक्षण गेलं. आम्ही करार आणि नोंद दोन्ही उताऱ्याप्रमाणे ३०२ केलं. तेव्हा दारावरचा आकडा कुरिअरसाठी आणि उताऱ्यावरचा आकडा सरकारसाठी, दोन्ही जुळतात का ते सही करायच्या आधी बघा, एजंट कितीही घाई करत असला तरी बघा.

उल्सानचा जुना:
मी २००८ ते २०११ उल्सानला होतो. तुम्ही लोक सुखी आहात. आमच्या वेळी रस्त्याचं नाव पत्त्यात नसायचंच, वस्तीचं नाव आणि जमिनीच्या तुकड्याचा नंबर एवढंच. हे नंबर जपानी राजवटीत १९१० ते १९१८ च्या जमीन मोजणीत पडलेले आणि नंतर प्लॉट जसे तुटत गेले तसे वाढत गेलेले, त्यामुळे १५ च्या शेजारी १६ असेलच याची काही खात्री नाही. कंपनीतले कोरियन सहकारी घरी बोलवायचे तेव्हा पत्ता सांगतच नसत, अमुक बँकेच्या मागे, शाळेच्या गेटवरून डावीकडे, तिथे येऊन फोन कर. पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना तेव्हाही त्रास नव्हता, दानजीचं नाव आणि डोंग-हो सांगितलं की टॅक्सी बरोबर जायची. मला वाटतं कोरियन माणसाला अजूनही आपल्या दानजीचंच नाव आधी आठवतं, रस्त्याचं नाही, आणि त्याचं कारण हेच.

रस्त्याचे पत्ते पूर्णपणे लागू झाले १ जानेवारी २०१४ पासून, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये पिनकोडही सहा आकड्यांचा पाच आकडी झाला. मी मग परत एका प्रोजेक्टला गेलो तेव्हा जुन्या डायरीतला एकही पत्ता फॉर्मवर चालेना.

रस्तेवेडा:
उल्सानकाका, नवीन पद्धत मला इतकी आवडते की राहवत नाही म्हणून लिहितो. मी मशीन सर्व्हिसिंगला गावोगाव फिरतो. रस्त्याच्या सुरुवातीपासून दर २० मीटरला नंबरांची एक जोडी, डावीकडे विषम, उजवीकडे सम. म्हणजे नंबरला १० ने गुणलं की सुरुवातीपासून किती मीटर ते कळतं. सोलमधला थेहेरान-रो १५२ म्हणजे सुरुवातीपासून साधारण दीड किलोमीटर आणि उजव्या हाताला. रस्ते पश्चिमेकडून पूर्वेला आणि दक्षिणेकडून उत्तरेला मोजतात. गांगनाम-देरोच्या पाटीवर १ → ६९९ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अख्खा रस्ता ६.९९ किलोमीटर. नावावरून रुंदीही कळते, देरो सगळ्यात मोठा, रो मधला, गिल म्हणजे गल्ली. सोलच्या बाहेर अनेक ठिकाणी अमुक-रो १२३ बॉनगिल असं असतं, म्हणजे मोठ्या रस्त्यावर १.२३ किलोमीटर आल्यावर फुटणारी गल्ली. फोन बंद पडला तरी घरांवरच्या निळ्या पाट्या बघत माणूस पोचतो, मी पोचलोय. (थेहेरान-रोला ते नाव १९७७ मध्ये दिलं, तेहरानशी झालेल्या मैत्रीची आठवण म्हणून, आणि तेहरानमध्ये सोलच्या नावाचा रस्ता आहे.)

आणि डोंगर चढणाऱ्यांनो, जिथे रस्ताच नाही तिथेसुद्धा पत्ता आहे! वाटेवर खांबांवर दोन कोरियन अक्षरं आणि आठ आकडे दिसतात, ते दहा बाय दहा मीटरच्या चौकोनाचे नंबर. पाय मुरगळला तर ११९ ला तेवढं वाचून दाखवायचं.

फराळवाली:
दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या पार्सलबद्दल. भारतातून पाठवताना पत्ता इंग्रजीत आणि उलटा लिहावा लागतो, लहानाकडून मोठ्याकडे, आणि डोंग-हो सगळ्यात आधी नुसतं १०३-१२०४ असं. आमच्याकडच्या काउंटरवरचा माणूस आईला म्हणाला हा काहीतरी फोन नंबर दिसतोय, हा नको, आणि चक्क गाळला. डबा आला दानजीपर्यंत आणि मॅनेजमेंट ऑफिसमध्ये पडून राहिला, नशिबाने चकली टिकते. तेव्हापासून मी कोरियन सरकारच्या पत्त्याच्या साइटवरून इंग्रजी पत्ता काढते, खाली तोच कोरियन अक्षरांत चिकटवायला सांगते, कारण शेवटी आणून देणारा कोरियन वाचतो. पाच आकडी पिनकोड आणि मोबाईल नंबर हवाच, आणि कस्टम्ससाठी प्रत्येकाचा स्वतःचा कोड असतो, पी ने सुरू होणारा, तो आधीच काढून ठेवा.

नवीनच आलोय:
सगळ्यांचे खूप आभार, वाचून धीर आला. एक शंका, पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच दानजीत १०५ डोंगमधून ११२ डोंगमध्ये जातोय. रस्ता तोच, नंबर तोच, पिनकोड तोच. तरी इमिग्रेशनला कळवायचं का?

जॉन्सेवाली:
हो दादा, कळवायचंच. डोंग-हो बदललं म्हणजे पत्ता बदलला. नवीन करार आणि दोघांची कार्डं घेऊन जा, आणि मुदत असते त्यामुळे सामान लागायची वाट बघू नका.