Re: थिअरी टेस्ट – मोटरवेवरचे लाइटवाले बोर्ड

वर फोंड्याच्या दादांनी विचारलंय की इंग्लंडच्या मोटरवेवर (म्हणजे तिथला हायवे) लाइटच्या बोर्डवर वेगाचा जो आकडा येतो, त्याच्याभोवती लाल गोल असला नि नसला तर फरक काय, कारण तिकडे स्विंडनला जाणाऱ्या भाच्याचं ड्रायव्हिंग लायसन्सच्या थिअरी टेस्टमध्ये, म्हणजे लेखी परीक्षेत, तिथेच अडतंय. लाल गोलातला आकडा म्हणजे कायदा, त्याच्यावर गेलात की कॅमेरा टिपणार. गोल नाही, नुसता आकडा आणि कडेला पिवळे दिवे लुकलुकतायत तर तो सल्ला समजायचा, पुढे काहीतरी गडबड आहे म्हणून. बोर्ड बंद असेल तर गाडीला नेहमीची ७० मैलांची मर्यादा, म्हणजे साधारण ११२ किमी, ती आहेच, मोकळं रान नव्हे हां!

आणि लेनवर लाल फुली दिसली की ती लेन बंद, पुढे रस्ता रिकामा दिसला तरी त्यात राहायचं नाही, १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. आपल्याकडे मांडवी पुलावर जागा मिळेल तिथे घुसायची सवय असते ना, तिथेच मार्क जातात बघा. फुलीच्या आधी तिरका बाण येतो तो लेन बदलायला, त्याच्याकडे बघून आरसा, इंडिकेटर आणि मगच सरकायचं. पास व्हायला ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर लागतात, त्यामुळे हे पाठ करण्यापेक्षा चित्रं बघून सराव करायला सांगा त्याला.