एअर-कूल्ड गाडी उन्हात एवढी तापणं नॉर्मल आहे का?

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी स्प्लेंडर प्लस, जुनी कार्ब्युरेटरवाली. निपाणीहून बेळगावला हायवेने नेहमीचं जाणं-येणं. पावसात, थंडीत काही जाणवत नाही. पण एप्रिल-मे आला की तवंदी घाट चढून संकेश्वरला चहाला थांबेपर्यंत नडगीला नुसती झळ लागते. गाडी बंद केली की सायलेन्सरकडून बराच वेळ टिक टिक आवाज. परवा बाटलीतलं पाणी इंजिनाच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) सांडलं, तर चुर्र करून गायब!

गाडी ओढते नीट, अ‍ॅव्हरेजही पडलेलं नाही. पण मिस्त्री म्हणतो, ब्लॉक-पिस्टन उतरवून बघू. शेजारचे काका म्हणतात, घाट संपला की गार पाणी मार. तिसरा म्हणतो, जाड ऑइल टाक. उगाच इंजिन खोलायचं नाहीये. नेमकं काय समजायचं?

प्रतिसाद (चिकोडीहून)

इंजिन खोलू नका, आणि पाणी तर अजिबात मारू नका. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकू शकतं, तडाही जाऊ शकतो. काकांना नमस्कार सांगा.

पाणी चुर्र होणारच. ते १०० अंशाला उकळतं आणि चालत्या एअर-कूल्ड इंजिनाचं हेड त्याच्या बरंच वर असतं. ना रेडिएटर, ना पंखा. सगळी उष्णता फिन्सवरून जाणाऱ्या वाऱ्यानेच न्यायची. हवा १५ अंशांनी जास्त तापली की इंजिनही साधारण तेवढंच वर चढतं. घाटात लोड जास्त, वेग कमी, म्हणजे वारा कमी. थांबल्यावर तर वाराच बंद, म्हणून झळ तेव्हाच जास्त लागते. टिक टिक म्हणजे तापलेला पाइप गार होताना आकसतोय, दुसरं काही नाही.

हाताला किती चटका बसतो यावर जाऊ नका, गाडीच्या वागण्यात फरक पडतोय का ते बघा. चढाला अचानक दम तोडणे, खडखड नॉकिंग, निळसर धूर, जळक्या ऑइलचा वास, दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइल कमी होणे, यातलं काही असेल तर मिस्त्रीकडे जा. ऑइल कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३० ग्रेडचंच ठेवा. डबल स्टँडवर लावून डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची कांडी) पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि लेव्हल बघा. मागचा ब्रेक घासत नाही ना, तेही चाक हाताने फिरवून बघा.

आता खरा प्रश्न. पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेग्झिन बांधलं होतं का? आपल्याकडे निम्म्या गाड्यांवर ते वर्षभर तसंच असतं. इंजिनाच्या तोंडावरच पडदा, मग वारा लागणार कुठून? आणि उसाच्या ट्रॅक्टरमागचा चिखल फिन्समध्ये वाळून बसला असेल तर गार इंजिनावर ब्रशने साफ करा.

धागाकर्ता

रेग्झिन आहे ओ! खालच्या दोन-तीन फिन्स मातीने भरल्यात. ऑइल वरच्या खुणेपाशी आहे, चाक मोकळं फिरतंय. रेग्झिन आत्ताच सोडतो. रविवारी घाट चढून आलो की इथेच कळवतो. मिस्त्रीला काय सांगायचं तेवढं सुचवा, माणूस रोजच्या ओळखीतला आहे.