स्वप्न लिहून काढलं की अतिवास्तववादी कविता होते का?

पळसफूल (घाटंजी): गावच्या वाचनालयात शनिवारी मनोविश्लेषक फ्रॉइड आणि अतिवास्तववाद (सररिअलिझम, म्हणजे नेणिवेतून येईल ते कलेत उतरवणारी चळवळ) घेतोय. स्वप्न लिहायचं आणि प्रतीकांचे अर्थ लावायचे, एवढंच का हे? शिवाय स्वयंचलित लेखनात (मनात येईल ते न थांबता लिहिण्यात) दोन ओळी झाल्या की यमकं जुळायला लागतात. त्यावर उपाय काय?

नेणीव: अर्थ लावणं हे फ्रॉइडचं काम, कवीचं नाही. या चळवळीचा प्रणेता, फ्रेंच कवी ब्रेतों 1916 साली फ्रान्समधल्या सें-दिझिएच्या लष्करी मनोरुग्ण केंद्रात होता. मनात येईल ते न अडखळता बोलायला लावायची फ्रॉइडची रीत त्याने तिथे रुग्णांवर वापरली आणि 1919 मध्ये कवी सूपोसोबत तीच स्वतःच्या लेखनाला लावली. रीत घेतली, इलाज सोडला. फ्रॉइडला हे फारसं पटलं नाही. 1937 साली ब्रेतोंने स्वप्नसंग्रहासाठी त्याच्याकडे मजकूर मागितला, तेव्हा फ्रॉइडने कळवलं की स्वप्न पाहणाऱ्याला त्यावरून काय काय आठवतं ते सोबत नसेल, तर नुसती स्वप्नं मला काहीच सांगत नाहीत. म्हणून ‘साप म्हणजे अमुक’ असली यादी फळ्यावर लिहू नका, ती फ्रॉइडशीही इमान राखत नाही आणि कवितेशीही.

बोरू: यमकाचं सांगतो, भाऊ. ब्रेतोंच्या 1924 च्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात कृतीच दिली आहे: विषय ठरवू नका, भरभर लिहा, मागचं वाचू नका. अडलात तर ठरलेलं एक अक्षर लिहा (ब्रेतोंने ‘ल’ सुचवलंय) आणि पुढचा शब्द त्यानेच सुरू करा. आपल्याकडे खरा घोळ शिरोरेषेचा आहे. शब्द संपला की हात मागे जाऊन रेघ ओढतो, तेवढ्या वेळात डोळा मागचा शब्द वाचतो आणि कान यमक शोधतो. रेघ देऊच नका, नाहीतर मोडीसारखी आधीच ओळभर ओढून ठेवा. दहा मिनिटं पुरेत. ओवीची लय आपोआप आली तर येऊ द्या, तीही आतूनच येते. खोडायचं मात्र काही नाही.

सागफळी: चित्र काढणाऱ्यांना अतिवास्तववादी चित्रकार माक्स एर्न्स्टचं घर्षणचित्र द्या. 1925 मध्ये त्याने लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद टाकून शिसं घासलं आणि उमटलेल्या रेषांत जे दिसलं ते पुढे वाढवलं. तुमच्याकडे जुन्या बैलबंडीची उन्हापावसाने रेषा उघडलेली फळी असेलच. रंधा मारलेली नको, तिच्यावर काही उमटत नाही. जाड ड्रॉइंग शीटही चालत नाही, झेरॉक्सचा पातळ कागद घ्या. 6बी (मऊ, गडद) पेन्सिल आडवी धरा आणि दुसऱ्या हाताने कागद घट्ट दाबा, सरकला की रेषा दुहेरी येतात. काय काढायचं ते आधी ठरवलं, तर फळीकडून काहीच मिळणार नाही.

पळसफूल: शिरोरेषेचं ध्यानातच आलं नव्हतं. बंडीची फळी आहे, शनिवारी दोन्ही करतो जी.