जखमी तलंग खुराड्यात सोडू नका

मांजरानं पाठ फाडलेल्या तलंगेला (तरुण कोंबडीला) हळद लावून रात्री खुराड्यात सोडा, असा सल्ला एकानं दिलाय. हळदीला माझी ना नाही, पण खुराड्यात मुळीच नको. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचत राहतात. पुण्यातल्या धायरीत आमच्या कोंबडीला मुंगसानं धरलं होतं, तेव्हा तिला खोक्यात जुनी सुती साडी अंथरून आठ दिवस न्हाणीघरात ठेवलं. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुवा, मग बीटाडीन लावा. भोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका, कातडी आणखी फाटते.

पंखाखाली बोटानं पिसं बाजूला करून नक्की बघा. सुळ्याचं भोक तांदळाच्या दाण्याएवढं दिसतं आणि आत पू धरतो. मांजर चावलंय म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. पावसाळ्यात माश्या असतात, खोक्यावर मच्छरदाणी टाका, जखमेत अळ्या पडायला एक दिवस पुरतो. आणि पाणी ड्रॉपरनं घशात ओतू नका, श्वासनळीत जातं. चोचीचं टोक वाटीत बुडवा, पिते. आमची तिसऱ्या दिवशी प्यायली.